न विचारलेला प्रश्न

कळसाडी, १९३१

मेहेरबान मॅजिस्ट्रेटसाहेबांस,

पेरणीला आमच्याकडे सावड असते. शेजाऱ्याचा बैल न विचारता न्यायचा, आपलाही त्याला नेऊ द्यायचा. मी धडगावला गेलो असताना शेजारच्या झिपरूने माझा बैल तसाच नेला. पाटलाचा बैल याच्याकडे कसा, म्हणून शिपायाने त्याला धरलं. बैल नेलास का, एवढंच आपण विचारलंत. तो म्हणाला, "हा, मीच लई गऊ." का नेलास, हे विचारायला आपल्याला वेळ नव्हता. मी परतलो तोवर त्याला सक्तमजुरी झाली होती.

काल त्याची बायको धनुबाई बैल न्यायला आली, दोन माणसं घेऊन. म्हणाली, "आते साक्षीदार लागतस, भाऊ."

हे पत्र टपालात टाकणार नाही. आपण विचारलंय कुठे?

ज्याचा बैल चोरीला गेलाच नव्हता तो,
सुकलाल पाटील