फाइल नऊ दिवस कुठे होती

४ जून, सोमवार
मुलाची ऑफिसची डायरी कोरी पडली होती. निलंबित माणसाला डायरी कशाला हवी? मी घेतली. चौथीपर्यंत शिकले आहे. जोडाक्षराला अडते, पण मागे हटत नाही.

प्रकरण असं. एका बिल्डरची इमारत माणसांसकट खाली बसली आणि हा विमानात बसून पळाला. परदेशात सापडला. तिथलं कोर्ट म्हणालं, साठ दिवसांत कागद पाठवा, नाहीतर सोडून देतो. याला प्रत्यार्पण म्हणतात. म्हणताना कवळी सांभाळावी लागते. कागद मंत्र्याच्या ऑफिसातून निघाले बासष्टाव्या दिवशी. बिल्डर सुटला. आता चौकशी आयोग बसला आहे. कुणीही जाऊन ऐकावं, मनाई नाही. मंत्री म्हणतो, क्लार्कने त्या कागदांची फाइल नऊ दिवस दाबली. क्लार्क म्हणजे माझा मुलगा. त्याने जन्मात स्वतःचा आवाज सोडून काही दाबलेलं नाही. नोकरी जाईल, वर तुरुंग, असं सून म्हणते.

ठरवलं: रोज जायचं. शांत बसायचं. सुनेशी भांडायचं नाही.

५ जून
सुनेशी भांडण. सुरुवात तिची. म्हणाली, तुम्ही तिथे जाऊन काय दिवे लावणार? म्हटलं, घरात बसून तू कोणते लावलेस?

पहिल्या रांगेत जागा मिळाली. आयोगाचे अध्यक्ष निवृत्त जज आहेत, भुवया दाट. दिवसभरात तीनदा माझ्याकडे रोखून बघितलं. खरं माणूस त्यांना लांबून ओळखू येत असणार. चौथ्यांदा शिपायाला पाठवलं. तो म्हणाला, आजी, शेंगदाणे खाऊ नका, माइकमध्ये आवाज जातो. शिपायाला काय कळतंय!

८ जून, शुक्रवार
मंत्र्याची साक्ष. 'आठवत नाही' सव्वीस वेळा. मी बोटांवर मोजलं, पेरं कमी पडली. माझं वय अठ्ठ्याहत्तर, मला सुनेचं लग्नातलं तोंडसुद्धा आठवतं. हा पंचावन्नचा, याला कागद निघाले तो मार्च महिना आठवत नाही. मग त्याचा पीए आला. म्हणाला, मी क्लार्कला कधीच फोन केला नाही. बोलताना कान खाजवत होता.

दुपारी मुलाचा वकील, युनियनने दिलेला, जिन्यात मुलाला हळूच सांगत होता: रजिस्टरची पानं कोरी आहेत. फाइल ते नऊ दिवस कुठे होती हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. तोंड मिटून बसा, सुटाल.

मला हसूच आलं. कुठे होती म्हणजे? माझ्या कपाटात! मुलाने संध्याकाळी आणली. पीएचा फोन आला, हा उभा राहून 'हो साहेब, घरीच ठेवतो साहेब' म्हणत होता. मी चादरींखाली ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. दहाव्या दिवशी पीएने परत मागवली. तो खोटारडा पीए सोडला तर सगळ्या देशात हे दोघांना माहीत, मुलाला आणि मला. मुलगा बोलत नाही. म्हणजे उरले मी.

११ जून
काल रात्री जेवताना सांगितलं, मी साक्ष देणार. मुलगा हातातला घास टाकून उठला. म्हणाला, आई, तुझ्या पाया पडतो, त्या आयोगाकडे फिरकूसुद्धा नकोस. बापासारखाच भित्रा. सून ताटं उचलून आत गेली. ती भांडत नाही तेव्हा मला जास्त राग येतो.

आज सकाळी जाऊन खिडकीवर अर्ज दिला. बाईने विचारलं, कोणाच्या बाजूने? म्हटलं, खऱ्याच्या. तिच्या कागदावर तसा रकाना नव्हता.

वकील दिवसभर फोन करत होता. मुलाने उचलला की तो इतका ओरडे की मला खाटेवरून ऐकू येई. बीपी असावं.

१५ जून, सकाळी ७
आज नंबर. ठरवलं: विचारतील तेवढंच बोलायचं. फुशारकी नाही. मंत्र्याला शिवी नाही, निदान मोठ्याने नाही.

१५ जून, दुपारी ४
उत्तम झाली साक्ष. मंत्र्याचा वकील आपल्या वकिलापेक्षा कितीतरी गोड. आधी पाणी दिलं, मग खुर्ची पुढे ओढून दिली.

विचारलं, आजी, फोनवर पलीकडून कोण होतं, आवाज ऐकलात? म्हटलं, नाही, पण हा 'साहेब' म्हणत होता. तो म्हणाला, मुलगा फक्त मोठ्या अधिकाऱ्यांनाच साहेब म्हणतो का? मी म्हटलं, छे! गॅसवाल्यालाही साहेब म्हणतो, असं वळण लावलंय मी त्याला. सगळा हॉल हसला. कौतुकाने.

मग विचारलं, फाइल नऊ दिवस तुमच्याच ताब्यात? म्हटलं, कागदाचा कोपराही दुमडला नाही. कुणी न्यायला आलं होतं? कुणी नाही. आणि आलं असतं तर? मी छाती ठोकून सांगितलं, खुद्द मंत्री दारात आला असता तरी दिली नसती.

अध्यक्षांनी ते स्वतः लिहून घेतलं. टायपिस्ट बाई असूनही, स्वतः! आपला वकील मात्र दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता. म्हटलं ना, बीपी.

१६ जून
मुलगा आणि सून खोलीचं दार लावून पडून आहेत. दडपण उतरलं की माणसं अशी गळून जातात. चहा माझा मीच केला.

२० जुलै
अहवाल पेपरात आला. बोट ठेवून वाचला, दीड तास लागला. मंत्री: दोष सिद्ध होत नाही. पीए: पुरावा नाही. क्लार्क: फाइल परस्पर घरी नेऊन दडवली, बडतर्फ करून खटला भरावा.

खाली लिहिलंय, एकूण एक्केचाळीस साक्षीदारांत क्लार्कच्या वृद्ध आईची साक्ष सर्वात विश्वासार्ह वाटली, निष्कर्ष मुख्यतः तिच्यावर आधारला आहे. हे वाक्य तीनदा वाचलं. पहिल्यांदा बरं वाटलं.

छापणाऱ्यांची चूक असणार. अध्यक्षांना पत्र लिहीन.

३१ जुलै
आठवड्यापूर्वी पत्र लिहिलं. फाइल कपाटात होती हे खरं, फोन आला हेही खरं, मग एक खरं घेतलं आणि दुसरं टाकलं कसं? उत्तर आलं नाही. आयोग उठला म्हणे. खुर्च्यासुद्धा भाड्याच्या होत्या.

६ ऑगस्ट
हवालदार कोर्टाचा कागद घेऊन आला. मला वाटलं मुलाचा. माझा निघाला. मुलावरच्या खटल्यात सरकारी साक्षीदार क्रमांक एक. म्हटलं, मी नाही येणार. तो म्हणाला, आजी, यावंच लागतं, नाहीतर पकडून नेतात. म्हटलं, मला काही आठवत नाही म्हणून लिही. तो म्हणाला, तुमचं सगळं छापून आलंय.

सही कुठे करायची ते दिसेना. मुलगा आतून आला, कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, ऑफिसात वाचायचा तसा. मग पेनाचं टोपण काढून माझ्या हातात दिलं आणि बोटाने जागा दाखवली.