सुहासचे अडकलेले डॉलर

पेठ, मंगळवार, दिवेलागणीनंतर

सुहासचा मॉस्कोहून फोन आला. या दिवाळीलाही येत नाही. त्याच्या बँकेवर अमेरिकेचे निर्बंध आहेत, साठवलेले डॉलर हलत नाहीत. "ते सुटल्याशिवाय कोणत्या तोंडानं येऊ, आई? इथं तर आता कुणी डॉलरमध्ये साठवतच नाही." मी नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. एवढंच का म्हणाले?

कॉलेजात अर्थशास्त्र शिकले, पण आज आठवलं ते बटाट्याचं बेणं. आम्ही सगळे ते मंचरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवतो. मागे तिथल्या मालकानं भांडणापायी एका शेतकऱ्याचं बेणं अडवलं. आमच्याशी त्याचं काही वैर नव्हतं. तरी पुढच्या हंगामात धाकट्या दिरानं आमचं अर्धं बेणं दुसरीकडे नेलं. मी रागावले, तर म्हणाला, "वहिनी, भांडण त्याचं व्हतं, पण कुलूप आपल्या बी मालाला हाय ना?"

डॉलरचं हेच झालंय. अमेरिकेनं अडवलं एका रशियाचं, आणि ज्यांचं अडलं नाही ते देशही आपलं थोडंथोडं काढून घेतायत. सगळं नाही काढत. एवढं मोठं कोल्ड स्टोरेज दुसरं आहे कुठे?

पण हे कळून मला काय करायचंय? मला तो इथे हवाय. किती वर्षं त्याचा चेहरा फोनच्या काचेतच बघतेय. आवाज आधी येतो, ओठ मागून हलतात.

उद्या सकाळी मीच फोन करणार. डॉलर राहू देत तिथे, म्हणणार. तिकीट मी काढते. रिकाम्या हातांनी ये, पण ये.