पिठाचं बाळ

दि. ९ नोव्हेंबर

चि. छकुलीस,

आईचे अनेक आशीर्वाद. आता तूच आई होणार, तरी पाकिटावरही मी 'छकुली'च लिहीत होते. तुझ्या बाबांनी हात धरला.

पार्सल काल पोचलं. कमरेचा पट्टा एक, शेकायची पिशवी एक, पांढऱ्या लोकरीचे गुंडे चार. पट्ट्यावरची किंमत तू खरवडलीस खरी, पण उजेडात धरल्यावर बाराशेचा आकडा दिसलाच. एवढ्यात बाळाची गादी-उशी झाली असती. असो. आलाय तर वापरते.

मोजे विणून झाले. मोरीतला नळ दुरुस्त झाला. बाबांचा खोकला गेला, कुरकुर राहिली आहे.

पाठीचं तू दर फोनवर विचारतेस आणि मी 'बरं आहे' म्हणते. डॉक्टरांनी फोटो काढला. वयाप्रमाणे मणक्यांमधल्या गाद्या सुकून चपट्या होतात, तशा माझ्या झाल्या आहेत. शिवाय कमरेतला एक मणका खालच्या मणक्यावरून जरासा पुढे सरकलाय. म्हणजे कंबर वाकायला हवी तिथे ताठ, आणि घट्ट राहायला हवी तिथे डुगडुगते. वाकले की मांड्यांवर हात रोवत रोवत वर यावं लागतं. देवापुढे डोकं टेकणं बंद झालं, उभ्यानेच हात जोडते. "देव काही हजेरी घेत नाही," असं तुझे बाबा म्हणतात. ऑपरेशन लागणार नाही, व्यायाम सांगितलेत, ही त्याचीच कृपा.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. फोनवर बोलले असते, पण तू "आई, काही होत नाही गं" म्हणून मला गप्प करतेस आणि मलाही गप्प बसायला बरं वाटतं.

बाळाला माझी आईच न्हाऊ घालेल, दुसऱ्या कुणाचा हात नको, असं तू सगळ्यांना सांगून बसलीस. तुझ्या जाऊबाईंनी सुचवलेल्या बाईलाही नको म्हणालीस. मला किती सुख झालं ते काय सांगू! म्हणून म्हटलं, निघण्याआधी हात बसवून घ्यावा. तू जन्मलीस तेव्हा तीन किलोला जराशी कमी होतीस. तराजूवर तेवढं पीठ तोललं, पिशवीत भरलं, तुझ्याच जुन्या दुपट्यात गुंडाळलं. टब जमिनीवर ठेवला. ओणवी झाले, उचललं. उठताना कमरेत काहीतरी सटकलं, डावा पाय माझा राहिला नाही, आणि हात आपोआप उघडले.

आवाज ऐकून बाबा धावत आले. मोरीभर पीठ, मी भिंतीला धरून. "अगं, पीठच सांडलंय ना! तू बरी आहेस ना?"

मी म्हटलं, "आज पीठ होतं."

त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः झाडू घेतला. जन्मात केर काढला नाही त्या माणसाने. कोपरे तसेच राहिले.

पट्टा बांधूनही आज पाहिलं. आधार वाटतो, पण भरवसा वाटत नाही. भरवशावर मूल उचलायचं असतं, आधारावर नाही. देवाला म्हणत होते, पाठ दे नाहीतर अक्कल दे. अक्कल आधी आली.

तेव्हा त्या बाईला आजच निरोप धाड. मी येणार, पण शेजारी उंच खुर्चीवर बसणार. पाणी कोपराने कसं बघायचं, मान कशी धरायची, ते सांगेन. माझं तोंड अजून शाबूत आहे. अंग पुसून झालं, मी पाठ टेकून नीट बसले, की मग बाळ मांडीवर दे. उभ्याने माझ्या हातात कुणीही देऊ नये. मी मागितलं तरी तू देऊ नकोस.

आणि छकुले, मी मागणार.

तिकीट अजून काढलेलं नाही. अशी बसलेली आजी चालणार असेल, तर उलट टपाली कळव.

तुझी,
आई