माझ्या माघारी राघूचा हिवाळा

मी, नाथाजी कृष्णात यादव, वय ४६, हायस्कुलातील भूगोल शिक्षक, राहणार तासगाव, उद्या मिरजेला हर्नियाच्या ऑपरेशनला जाण्यापूर्वी, डोके ठिकाणावर असताना हे लिहून ठेवत आहे. कोणाचा दबाव नाही. पत्नी शेजारी बसून घाई करत आहे, तो दबाव धरू नये.

घर व बँकेतील शिल्लक पत्नी लीलाबाई हिला. पृथ्वीचा गोल शाळेला. त्याचा आस मुळात कलता असतो. आमच्या गोलाचा, मी एकदा त्यावर बसल्याने, जास्त कलला आहे, हे मुलांना सांगावे.

खरा प्रश्न राघूचा. दिवस लहान झाले की तो बोलणे टाकतो, पिसे फुगवून बसतो, खाणे निम्म्यावर येते. म्हणून सकाळी पिंजरा उन्हात टांगतो, अंधारताच दिवा मालवून फडके घालतो. उदास तो होतो की मीच, हे ठरवता आलेले नाही. तरी फडके चुकवू नये.

लीलाबाईला तो देता येत नाही. "पेरूच्या झाडावर सोडीन," असे ती म्हणाली आहे. झाडाखाली बोका असतो.

मेहुणे सुभेदार हंबीरराव पवार, पलूस, यांना मुळीच देऊ नये. पलटणीच्या सवयीने ते पहाटे चारला कंदील लावून घर उठवतात. गेल्या संक्रांतीला त्यांनी राघूला तिळगूळ चारला. "दाजी, दिस लहान म्हणून गप हाय म्हणता? आवं, तिळगूळ दिल्याबिगर गोड बोलंल कसा?" राघूला हगवण लागली.

वकील म्हणतात, साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये. म्हणून हंबीररावांना मुद्दाम साक्षीला बोलावले आहे. हे सरळ वागणे आहे का? उत्तर सोयीचे नाही, सबब पुढे लिहितो. राघू शेजारी इमाम मुल्ला यांस. त्यांच्याकडे लवकर निजानीज होते.

यापुढील मजकूर हंबीरराव आल्यावर लिहिला. त्यांनी पिंजऱ्याला नाक लावून विचारले, "काय रं गड्या, जीव हाय का गेला?" दिवाळीपासून मुका असलेला राघू म्हणाला, "हाय! हाय!"

लीलाबाई मला म्हणाली, "तुमच्याशी बोलला का कवा?"

मी फडक्याचे नियम सांगितले. उजाडेपर्यंत उजेड नको, आवाज नको. सुभेदारांनी फडके पिंजऱ्यावर घालून पाहिले.

"मंग तवर मीबी निजीन," ते म्हणाले.

सबब इमाम यांचे नाव रद्द. राघू हंबीररावांना.

तासगाव, १८ डिसेंबर १९७४
(सही) ना. कृ. यादव

साक्षीदार:
हंबीरराव पवार (खोडले, राघू मिळाल्याने अपात्र)
सिद्धू माळी (सही)
इमाम मुल्ला (राघू न मिळाल्याने पात्र; "सुटलो गड्या" म्हणून सही केली)