रिलीव्हिंग लेटर

७ ऑक्टोबर २००२, सोमवार

पुन्हा तेच! "अप्रैल दो हज़ार एक के बाद क्या किया आपने?" – आणि मी आपला हरिश्चंद्राचा अवतार. म्हटलं, गाड्या दुरुस्त करतो. टेबलापलीकडचे तिघंही हसले. एकजण म्हणाला, "मेरी भी देख लेंगे?" मी खरंच विचारलं, कोणती आहे? तिथेच संपला इंटरव्ह्यू.

वेबसाइटवाल्या कंपनीने एका दुपारी आम्हा साठ जणांना घरी पाठवलं, त्याला अठरा महिने झाले. तेव्हापासून दिल्लीतल्या कोटला गावात इकराम उस्तादचं गॅरेज. पंचवीस वर्षं कार्ब्युरेटर खोलले त्याने, पण नव्या कम्प्यूटरवाल्या गाड्या आल्या की हात मागे घेतो. मग मी. घरी बनवलेली केबल, जुना लॅपटॉप. गाडीचा कम्प्यूटर कुठे दुखतंय ते मला सांगतो, मी उस्तादला सांगतो. तो मला 'पंडितजी' म्हणतो! खरं सांगू? या कामात मला मजा येते. पण हे घरी कोणाला सांगणार?

बाबा सोसायटीत सांगतात, यतीन घरून कन्सल्टन्सी करतो. सांगताना लिफ्टच्या आकड्यांकडे बघतात. ते मला बघवत नाही.

८ ऑक्टोबर

पाच ई-मेल पाठवले. उत्तर शून्य. वर्मांच्या सॅन्ट्रोचं हुंदके देणं मात्र बंद केलं. उस्तादने स्वतःच्या हाताने समोसा भरवला.

१० ऑक्टोबर

झालं. केलं एकदाचं.

आज बायकोनेच शाळा घेतली. रेवती शाळेत शिकवून आल्या आल्या म्हणाली, "तू खरं सांगतोस कशाला रे? त्यांना मधली जागा भरलेली हवी. भर ना!" दोस्त राघवही कधीपासून तेच म्हणतोय – यार, सगळे करतात, निम्म्या नॉयडाचा एक्स्पिरिअन्स खोटा आहे.

मग सी.व्ही.वर कंपनी काढली. नाव सुचेना. टेबलावर उस्तादने साफ करायला दिलेला कार्ब्युरेटर उघडा पडला होता, त्यातल्या दोन भागांची नावं जोडली – जेटनीडल इन्फोटेक! पत्ता – प्लॉट ११७, गुडगाव. तिकडे नुसते खड्डे आणि काचेचे सांगाडे, कोण बघायला जातंय? पद – सीनियर सिस्टिम्स इंजिनीअर, एप्रिल २००१ ते आजपर्यंत. चौकशीसाठी राघवचा मोबाइल. तो एच.आर. होणार, आवाज घोगरा काढून.

'ऑटो रिपेअर, कोटला' ही ओळ पुसली तेव्हा कसंतरीच झालं. एक बटण दाबून ठेवलं आणि उस्तादसकट सगळं गेलं.

१७ ऑक्टोबर

नॉयडात इंटरव्ह्यू. जेटनीडलबद्दल विचारलं. मी सुटलोच! तिसरा मजला, खिडकीतून मोहरीचं शेत, मिशीवाला गार्ड, विनया नावाची मराठी बॉस – फार कडक हो! ठोकत गेलो ते ठोकतच गेलो. ते माना डोलवत होते.

बाहेर आलो तर हसू येईना. इतकं कसं सुचलं? एकदाही अडखळलो नाही.

२२ ऑक्टोबर

लागली!!! नोकरी लागली! अकरा नोव्हेंबरला जॉइनिंग. बाबांनी सोसायटीत स्वतः पेढे वाटले. सगळ्यांकडे मान वर करून बघत होते, वा!

राघवला फोन केला – थँक्यू यार, काय बोललास त्यांच्याशी? तिकडची बाई सांगत होती, जुन्या ऑफिसने फार चांगलं सांगितलं म्हणून.

राघव म्हणाला, "अरे, मला फोनच नाही आला."

रात्री रेवतीला सांगितलं. रेवती म्हणते, तो विसरला असेल, दहा फोन येतात त्याला. असेल.

२५ ऑक्टोबर

नव्या ऑफिसला जुन्याचं रिलीव्हिंग लेटर हवं. 'यांना आम्ही मोकळं केलं आहे' एवढा एक कागद. त्याच्याशिवाय दारात उभं करत नाहीत. नेहरू प्लेसला जाऊन लेटरहेड छापलं, शिक्का बनवला, विनयाची सही मीच ठोकली. घोडं गंगेत न्हालं.

२९ ऑक्टोबर

नाही न्हालं.

नॉयडाहून फोन. "आपका लेटर जेनुइन नहीं है." मला वाटलं, पकडला गेलो. पण ती बाई पुढे म्हणाली, "आपके ऑफिस से बात हुई. कह रहे हैं, हमने अभी छोड़ा ही नहीं. पहले उनसे निपटा लीजिए."

कोणाशी बोललात? – तिने नंबर दिला. राघवचा नव्हे. माझ्या सी.व्ही.वर नसलेला.

लावला. दोन रिंगमध्ये उचलला. बाईचा आवाज, स्वच्छ मराठी, जरा वैतागलेला – "यतीन? कुठे आहेस अरे तू? राजीनाम्याचं मला दुसऱ्यांकडून कळावं का? आणि माझी सही तू करतोस? ये इकडे, बोलू."

मी ठेवून दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण हा हात कोणी बघितला?

राघवला शपथ घालून झाली. त्याची थट्टा नाही.

३१ ऑक्टोबर

नीट लिहून ठेवतो. क्रमाने.

उस्तादला म्हटलं ट्रायल घेतो, आणि गिऱ्हाइकाची झेन घेऊन सरळ गुडगाव. भर दुपार, धुळीने पिवळं आभाळ. प्लॉट ११५ – खड्डा. ११६ – खड्डा, पाणी साचलेलं. ११७ – काचेची इमारत. पाटी – जेटनीडल इन्फोटेक.

गार्डने सलाम ठोकला. मिशीवाला. "यतीन साहब! तबीयत ठीक है अब?"

तिसरा मजला. वीसेक माणसं, कोणी मान वर केली नाही. खिडकीतून शेत. अजून मोहरी फुलायची होती, नुसते हिरवे ठिपके. खिडकीपाशी एक टेबल, त्यावर माझ्या नावाची पट्टी, खुर्चीच्या पाठीवर एक स्वेटर. घालून बघितला. बाह्या बरोबर.

विनया पन्नाशीची. चष्मा कपाळावर. तिने हजेरीचं रजिस्टर पुढे सरकवलं. "हे बघ, आणि मग सांग मला सोडायचं कशासाठी." नऊ एप्रिल २००१ पासून रोज सही. आल्याची, गेल्याची. माझी सही! 'य'चं शेपूट मी ओढतो तसंच ओढलेलं. ७ ऑक्टोबरलाही सही होती. त्या दिवशी मी तिघांसमोर बसून हसं करून घेत होतो!

म्हटलं, मॅडम, मी इथे कधीच नव्हतो. मी कोटल्याला गाड्या दुरुस्त करतो. हे सगळं मी बनवलं.

ती हसली नाही. रागावलीही नाही. म्हणाली, "कागदावर तूच लिहून दिलंस ना? मग?"

पळत खाली आलो. गार्डने गेट उघडलं नाही. "साहब, आउट के साइन." रजिस्टर पुढे. मी ओरडलो, शिव्या दिल्या. तो नम्रपणे पेन धरून उभा. शेवटी केली सही. तेव्हा कुठे गेट उघडलं.

भीती वाटते आहे. साधी, लहान पोरासारखी. रेवतीचा हात धरून बसलो, कारण सांगितलं नाही.

१ नोव्हेंबर

सकाळी तोंड धुताना नखं दिसली. स्वच्छ. अठरा महिने साबण, रॉकेल, लिंबू – काही करून न निघालेलं काळं, साफ गायब. डाव्या अंगठ्यावर रेडिएटरने भाजल्याचा डाग होता, तोही नाही.

गॅरेजला धावलो. उस्ताद होता, हसला, पण पंडितजी म्हणाला नाही. नावच घेतलं नाही. सारखा माझ्या शर्टाकडे बघत होता. मी लॅपटॉप काढला तर म्हणाला, "रहने दीजिए." दीजिए! मला तो आजवर 'दे, पकड़, हट' असंच बोलत आलाय.

३ नोव्हेंबर

घरी सगळं सांगायचं ठरवलं. सांगितलं. बाबा म्हणाले, "दिवाळीची रजा घे दोन दिवस, डोक्याला ताण झालाय तुझ्या." रेवती पणत्या पुसत होती. मी तिला म्हटलं, तूच म्हणालीस ना जागा भर म्हणून? तिने माझ्याकडे बघितलं – घाबरून बघितलं. "कसली जागा? यतीन, तुला साधा टायर बदलता येत नाही. कसलं गॅरेज?"

राघवचा फोन लागत नाही.

आता ही वही तेवढी आहे. कोटला, इकराम उस्ताद, वर्मांची सॅन्ट्रो. मी खरंच होतो तिथे. होतो! मी स्वतः ते पुसलं, नोकरीसाठी, लाजेने. ती लाज नको होती. चुकलो.

५ नोव्हेंबर

नॉयडाचं पत्र. रिलीव्हिंग लेटर न आल्याने ऑफर रद्द. बाबा म्हणाले, बरंच झालं, आहे ती काय वाईट आहे? सोसायटीत त्यांची मान अगदी ताठ.

११ नोव्हेंबर, सोमवार

गुडगावला ऑफिसला निघालो, ऑफिसच्याच गाडीने. कोटल्याच्या वळणावर तिने हुंदके दिले आणि बंद पडली. बॉनेट उघडलं. बघत उभा राहिलो. काय कुठे असतं, काही आठवेना. समोरच एक गॅरेज होतं. म्हातारा मेकॅनिक हात पुसत आला, माझ्यासाठी स्टूल झटकलं, बॉनेटमध्ये डोकावला आणि मागे सरकला. "माफ़ कीजिए सर, कम्प्यूटर वाली गाड़ी हम नहीं खोलते. ये काम जानने वाला हमारे यहाँ कभी कोई रहा ही नहीं."