पत्ते वाटणारं दुसरं काहीतरी

सोमवार, ३ मार्च
लागली एकदाची नोकरी. डुकराच्या मांसाचा कारखाना, खाली कापाकापी, वर आमचं ऑफिस. वास येतो, पण माणसांपेक्षा डुकरं जास्त असलेल्या आयोवात जन्म काढलेल्या बाईने त्याला नाक मुरडू नये. तीन महिने नीट काढले की कंपनीचा आरोग्य विमा सुरू होईल आणि नवऱ्याच्या, कर्टच्या डायलिसिसची चिंता मिटेल. सकाळी मी निघाले तेव्हा तो चक्क गुणगुणत होता.

ऑफिसची मुख्य व्हर्ना, मोठी मायाळू बाई. म्हणाली, अगं ग्रेटा, काम काही फार नाही, आमचे कंप्युटर अधूनमधून रुसतात तेवढं बघ.

मंगळवार, ४ मार्च
रुसतात कुठले, भरकटतात. चालू केला की प्रत्येक कंप्युटर नेटवर्कवरचा आपला पत्ता मागतो आणि कपाटातलं आमचं मशीन तो देतं. इथे त्याच्या आधीच दुसरं काहीतरी भलताच पत्ता देऊन मोकळं होतं. कोणीतरी घरचा राउटर आणून गुपचूप जोडला असणार. इथली माणसं तशीच आहेत. दुसऱ्याला त्रास नको म्हणून स्वतःच जुगाड करतील आणि वर सांगणारही नाहीत.

दिवसभर टेबलांखाली रांगले. जुन्या सपाता निघाल्या, करपलेल्या बीन्सचा स्लो कुकर निघाला, राउटर काही निघाला नाही. केबली मात्र सगळ्या चिकट. पगाराचं काम बघणाऱ्या लोवेलला विचारलं, तर म्हणे, आहे थोडं तेलकट, पण चालतंय की, तू कशाला गुडघे झिजवतेस.

गुरुवार, ६ मार्च
सापडली. एक केबल जास्तीची आहे, ती फ्रिजमागच्या भिंतीत शिरते. कोमट आहे. हातात धरली तर आवंढा गिळल्यासारखी हलली. भिंतीच्या भोकाशी पिवळी चरबी साचलेली, तिच्यात पांढरे राठ केस. मला तिथेच उलटी झाली. मग संतापून कटरने कापली. आत तांबं नव्हतंच. काहीतरी ऊन-ऊन बोटांवर ओघळलं, साबण लावून लावून थकले तरी हात बुळबुळीतच.

व्हर्नाला सांगितलं. म्हणाली, जुनी इमारत आहे बाई, कुठून ना कुठून गळायचंच.

शुक्रवार, ७ मार्च
केबल परत जुळलीय. कापलं तिथे गुलाबी वण आहे.

लोवेलचा कंप्युटर तपासायचा म्हणून त्याला उठायला सांगितलं. तो लाजला. मग माउसवरून तळवा सोलून काढला — सोलूनच — आणि चिकटून राहिलेली कातडी रुमालाने पुसत माझीच माफी मागू लागला. म्हणाला, त्या पत्त्यावर बसलं की असं होतं, पहिले काही दिवस आग होते, मग कळतसुद्धा नाही, तू मात्र कुणाला सांगू नकोस हं.

शी. त्या केबलपेक्षा या माणसांची जास्त किळस आली मला.

सोमवार, १० मार्च
माझ्या कंप्युटरला मी स्वतःच्या हाताने पत्ता घातला होता. जेवून आले तर बदललेला. भलताच. तळवा ओला झालाय, खाजतोय. आत्ताच्या आत्ता राजीनामा द्यावा — पण कर्ट —

मंगळवार
डाव्या हाताने लिहितेय. उजवा माउसला — मऊ पडलाय, बोटं कुठे संपतात तेच — शी, वास — माझाच आहे —

कटर जवळ आहे. एक झटका द्यायचा, मग दारापर्यंत तर —

व्हर्ना आली. माझ्यापुढे विम्याचं कार्ड ठेवलं. म्हणाली, तीन महिने कशाला थांबायचं, तू तर छान रुळलीस.

कटर ड्रॉवरमध्ये टाकला.

कर्टला फोन करून विम्याचं सांगितलं. रडला बिचारा. मग म्हणाला, आज मी पाई भाजतो, तुझ्या आवडीची, रुबार्बच्या आंबट देठांची, किती वाजता येतेस घरी. मी म्हटलं, तू खाऊन घे, मला जरा उशीर —