अठरा महिन्यांच्या भुवया

२० जुलै, रविवार

वैदेहीचं पक्कं झालं. मुलगा उमरेडचा, वैभव, बँकेत आहे. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, २४ ऑगस्टला, मारबतीच्या मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी. हॉल तेव्हाच मिळाला.

सगळे खूश. फक्त फोटो पाहताना वैभवची आत्या म्हणे बोलली, की मुलीच्या बापाच्या चेहऱ्यावरून काही समजत नाही, खूश आहे की नाराज. कुसुमावतीने हे हसत हसत सांगितलं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. थायरॉइडमुळे दोन वर्षांत माझ्या भुवया गेल्या, त्यात बायकोने हसावं? वैभवचे वडील, माझे होणारे इवाई मनोहरराव, त्यांच्या भुवया मात्र अशा की एकेकीवर चिमणी बसेल.

मला स्वतःसाठी काही नको. पण पोरीच्या बापाच्या चेहऱ्यावर वजन पाहिजे. दोन ठराव. एक, भुवया. दोन, साक्षगंधात रडायचं नाही.

२२ जुलै, मंगळवार. सकाळी ८

रिसर्च केला. भुवया दोन प्रकारच्या मिळतात. टेम्पररी, म्हणजे पेन्सिल किंवा टिंट. आणि सेमी-परमनंट, म्हणजे बारीक सुयांनी कातडीत रंग भरतात, अठरा महिने टिकतो. शहाण्या माणसाने आधी टेम्पररी पाहावं. कुसुमावतीची पेन्सिल घेतली. विचारूनच घेणार होतो, पण ती देवपूजेत होती.

चेहऱ्यातलं मला कळतं, हे इथे लिहून ठेवतो. नागपुरात महाल भागातल्या आमच्या मंडळाच्या बडग्याचं तोंड बावीस वर्षं मीच रंगवतो. वर्षभराची पीडा ज्याच्या माथी मारून मारबतीच्या मिरवणुकीत फिरवायचं आणि मग जाळायचं, त्या पुतळ्याला चेहरा देणं सोपं काम नाही. बांबू, तणस, कागद बाकीचे पाहतात. डोळे आणि भुवया माझ्याकडे. गर्दीतल्या शेवटच्या माणसाला बडग्याचा राग दिसला पाहिजे. दिसतो.

२३ जुलै, बुधवार

पेन्सिल लावून लकडगंजला लाकडाच्या दुकानात कामावर गेलो. अकरापर्यंत उत्तम. मग लाइट गेली. सागवानाचा ट्रक खाली करता करता दोनदा घाम पुसला. शेठने जवळ येऊन हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना, कोणी मारलं का. दार लागलं म्हणालो. दोन्हीकडून का, असं त्याने विचारलं नाही. समजदार माणूस.

पेन्सिलचा दर्जाच हलका. माझा काही दोष नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

टिंट. पाकिटावर लिहिलं होतं, पाच मिनिटं ठेवा. त्या कंपनीला नागपूरच्या कातडीचं काय ठाऊक. चाळीस मिनिटं ठेवला. केस नसल्यामुळे रंग थेट कपाळावर बसला. विटकरी.

वैदेही ऑफिसातून आली. पाहिलं. हसली नाही. खोबरेल तेल आणि कापूस घेऊन समोर बसली आणि अर्धा तास घासत राहिली. लहानपणी तिच्या गालावरचा होळीचा रंग मी असाच काढायचो. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही असेच चांगले दिसता."

पोर आहे. तिला काय समजते.

८ ऑगस्ट, शुक्रवार

टेम्पररी बाद. धरमपेठेत पिंकी मॅडमकडे गेलो. वय असेल तीस, पण बोलणं हेडमिस्ट्रेससारखं. म्हणाली, महिनाभर आधी यायला पाहिजे होतं. आधी टेस्ट, मग काम. पहिला आठवडा रंग गडद दिसतो, मग खपली धरते, मग चाळीस टक्के उतरतो. आपण केसासारख्या बारीक रेघा काढू, नॅचरल. आणि नाही आवडलं तरी अठरा महिने जात नाही, काका, नीट विचार करा.

घाई करायची नाही असं ठरवून बाहेर आलो. टपरीवर चहा घेतला. परत आत जाऊन टेस्ट करून घेतली आणि १४ तारीख पक्की केली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

काम झालं. थोडं सविस्तर लिहितो, कारण पुढे कोणी काहीही म्हणेल.

पिंकीने आधी पेन्सिलने आकार काढला. बारीक, नाजूक. मी आरशापासून दहा पावलं मागे गेलो. काहीच दिसेना. हॉलमधल्या शेवटच्या खुर्चीवरून काय दिसणार? पेन्सिल तिच्या हातून घेतली आणि स्वतः काढलं. आतलं टोक खाली, बाहेरचं वर, मध्ये भरगच्च. बावीस वर्षांचा हात, चार मिनिटांत झालं. ती म्हणाली, "काका, हे रागीट दिसून राहिलं." मी म्हटलं, याला रुबाब म्हणतात.

मग रंग. चाळीस टक्के उतरणार आहे, तर चाळीस टक्के जास्त भर, साधा हिशेब. पाऊस येणार हे धरून बडग्याला आम्ही डबल हात मारतोच. पिंकीने नाही म्हणून पाहिलं. मग आकार माझा आणि रंगही माझ्याच सांगण्यावरून, असं कागदावर लिहून सही घेतली. दोन ठिकाणी.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

थोडी सूज. झेंडावंदनाला गेलो. शेजारपाजारचे लोक मला पाहून आपोआप रांगेत उभे राहिले. पैसा वसूल.

२० ऑगस्ट, बुधवार

खपली गेली. खालून रंग निघाला. उतरलेला नाही. पिंकीला फोन केला. ती म्हणाली, तुमच्या कातडीने रंग फार चांगला धरला, काका. अशी कातडी निवडक लोकांचीच असते.

कुसुमावती जेवताना भिंतीकडे तोंड करून बसते. म्हणते, तुमच्याकडे पाह्यलं की वाटते भाजीत मीठ कमी पडलं. हळूहळू सवय होईल. मलाही आरशात सकाळी एकदा दचकायला होतं, पण एकदाच.

२३ ऑगस्ट, शनिवार

मारबत. यंदाचा बडग्या म्हणजे कागदावरच खड्डे बुजवणारा ठेकेदार. रात्री पाऊस झाला, पण तोंड जसंच्या तसं. मंडळाचे अध्यक्ष नत्थूजी एकदा बडग्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "काहून गा गिरिधर, यंदा दोन काढले का?"

पेपरवाल्याने मला बडग्याशेजारी उभं केलं आणि हसू नका म्हणाला. कलावंताचा मान. मिरवणुकीत एका बाईने "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत हात जोडले, ते बडग्याकडे होते की माझ्याकडे, हे गर्दीमुळे कळलं नाही.

संध्याकाळी बडग्या जाळला. आधी भुवयाच गेल्या, मिनिटभरात. मी जरा वेळ पाहत उभा राहिलो. त्याची सुटका झाली.

२४ ऑगस्ट, रविवार

साक्षगंध झालं.

वैदेही मोरपंखी साडीत स्टेजवर आली आणि मी हॉलचे दिवे मोजायला लागलो. मी घट्ट उभा राहिलो. रडायचं नाही हा ठराव होता. मनोहरराव शाल घेऊन समोर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तिथेच थांबले. परत गेले, दुसरी, भारी शाल घेऊन आले. मला बोलायचं होतं, पण आवाज निघेना. ते आणखी घाबरले. त्यांच्याकडची माणसं कोपऱ्यात जाऊन कुजबुजू लागली. आत्याबाई म्हणाल्या, मुलीच्या बापाच्या मनात नाही वाटते, आताच काय ते बोलून घ्या. वैभव पांढराफटक पडला. शेवटी मनोहरराव सगळ्यांसमोर माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. "काही चुकलं का जी आमचं?"

माझं म्हणणं होतं, तुमचं काही चुकलं नाही. माझी एकच पोर आहे. परवापर्यंत शाळेची वेणी माझ्याकडूनच घालून घ्यायची. यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही. तोंड नुसतं हललं. पुढच्या रांगेतल्या दोन बाया उठून मागे गेल्या. सोयरीक मोडते की काय असं मला खरंच वाटलं.

तेवढ्यात वैदेही स्टेजवरून उतरून आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी माझ्या भुवया झाकल्या.

"आता पाहा," ती म्हणाली. "बाबा रागावले नाही. रडून राहिले."

सगळ्यांनी पाहिलं. मग मनोहररावांनी मला मिठी मारली आणि तेही रडले. आत्याबाई म्हणाल्या, हो गं बाई, आता समजलं.

अंगठी घालायला वैदेही परत स्टेजवर गेली ती माझा हात धरूनच. फोटोग्राफरने नंतर विचारलं, काकांना बसवून कुठून घेऊ. ती म्हणाली, पाठीमागून.

मी रडलो नाही असं इथे लिहिणार होतो. हॉलचा एसी सरळ डोळ्यांवर येत होता असंही लिहिता आलं असतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

पिंकीचा फोन. टच-अप बाकी आहे, फुकट आहे, रंग आणखी पक्का होईल. नको म्हटलं. उलट विचारलं, लवकर कशा जातील. ती म्हणाली, उन्हात फिरा, वाट पाहा, दुसरा उपाय नाही.

लग्न फेब्रुवारीत आहे. तोपर्यंत अर्ध्या जातील म्हणते. म्हणजे मांडवात निदान अर्ध्या लोकांना तरी दिसेल, की मुलीचा बाप रडून राहिला आहे. बाकीच्या अर्ध्यांसाठी वैदेहीचे हात लागतील, आणि त्या दिवशी तिच्या हातांवर मेंदी असणार, हार असणार. मग ते हात दुसऱ्या घरचे होणार.